बाबा, त्यांचा नवा गुडघा आणि जामठ्याचे पाच दिवस

शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५. दुपारी ऑफिसात असताना बाबांचा फोन आला. ते सहसा कामाच्या वेळी फोन करत नाहीत, त्यामुळे आधी धस्स झालं.

"जिंकलो. मुंबईला ऐंशी रननी हरवलं." मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग अगदी हळू, "फायनल इथंच आहे. जामठ्याला."

रणजी करंडकाची सेमीफायनल आमच्या विदर्भाने जिंकली होती. पुढे ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मागच्या नोव्हेंबरात त्यांच्या उजव्या गुडघ्याचं प्रत्यारोपण झालं होतं. वय चौऱ्याहत्तर. घरातल्या घरात काठी घेऊन चालत होते, पण जिने अजून बंद होते. जामठ्याचं स्टेडियम नागपुरातल्या, धंतोलीतल्या आमच्या घरापासून लांब, वर्धा रोडवर, शहराबाहेर. फायनल पाच दिवसांची. आणि मी पुण्यात.

हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण त्या आठवड्यात मी खूप शोधलं. गुडघा बदललेल्या माणसाला पाच दिवसांचा सामना बघायला कसं न्यायचं, हे मला कुठंही लिहिलेलं सापडलं नाही. कुणाच्या घरी असे बाबा किंवा आजोबा असतील, तर त्यांना यातलं थोडं तरी उपयोगी पडेल.

आधी बाबांबद्दल सांगायला हवं. ते एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातून, निवृत्त झाले. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर ३१ ऑक्टोबर १९८७ ला चेतन शर्माने तिन्ही फलंदाजांचे त्रिफळे उडवून हॅटट्रिक घेतली आणि अंगात ताप असताना गावसकरांनी वनडेतलं एकुलतं एक शतक ठोकलं, तेव्हा बाबा तिथं होते. पण त्यांचा खरा जीव विदर्भाच्या टीमवर. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय आणि पहिला करंडक मिळाला १ जानेवारी २०१८ ला, इंदूरमध्ये दिल्लीला हरवून. मधली साठ वर्षं काय होतं? हरणं होतं. बाबा त्या हरण्याच्या काळातले चाहते. सकाळी पेपर आला की आतल्या पानावरचा चार ओळींचा स्कोअर वाचायचे आणि पेपर घडी घालून ठेवायचे. २०१९ ची फायनल जामठ्याला झाली, तेव्हा स्वतः स्कूटर चालवत गेले होते. २०२४ ची वानखेडेवर हरलो, ती त्यांनी गुडघा धरून फोनवर पाहिली.

शनिवारी सकाळी मी रजेचा अर्ज टाकला. मंगळवार ते सोमवार. कारणाच्या रकान्यात खरं तेच लिहिलं, वडिलांना रणजी फायनलला न्यायचं आहे. तो अर्ज परत आला, क्वार्टर संपत आलाय म्हणून. दुपारी साहेबांना प्रत्यक्ष फोन केला आणि सगळं सांगितलं. बुधवारी महाशिवरात्र, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे माझे चारच दिवस जातात, शिवाय संध्याकाळी सहानंतर मी लॅपटॉप उघडेन असं कबूल केलं. रजा मिळाली. माझा अनुभव असा की अशा कामासाठी फॉर्ममधल्या दोन ओळींवर विसंबू नये, माणसाशी बोलावं.

ट्रेनचं काही जमलं नाही. रविवारी सकाळी दहाला तत्काळ उघडलं, पैसे भरेपर्यंत वेटिंग लागलं. शेवटी सोमवारच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सची स्लीपर घेतली, १,६५० रुपये. मंगळवारी सकाळी नऊला मी घरी होते. बाबा दारात उभे. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मॅच दुसऱ्या दिवशी होती.

"काहून धावत आलीस? टीव्हीवर पाहिली असती," ते म्हणाले. आई आतून म्हणाली, "चार दिवसांपासून बॅग भरून ठेवली त्यांनी."

मंगळवारचा दिवस तयारीत गेला. सर्वांत आधी डॉक्टर. नंबर लावून दोन तास बसलो, फी ६००. मला भीती होती की ते सरळ नाही म्हणतील. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, बीपी पाहिला आणि विचारलं, "कोण कोण सोबत आहे?" मी म्हटलं, पूर्ण वेळ मी. मग त्यांनी अटी सांगितल्या. पाऊण तासाच्या वर एका जागी बसायचं नाही, उठून चार पावलं चालायचं. पाय समोर लांब करता आला पाहिजे. मोठं अंतर व्हीलचेअरवरून. जिना चढायचाच झाला तर कठडा धरून, एकेक पायरी, आधी चांगला पाय. उतरताना आधी ऑपरेशनचा. पाणी भरपूर. त्यांनी लेटरहेडवर चार ओळींचं पत्रही दिलं, शस्त्रक्रियेच्या तारखेसह.

तिथंच एक गोष्ट कळली जी मला सुचलीच नसती. गुडघ्यात धातू आहे, त्यामुळे मेटल डिटेक्टर वाजणार. ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटल इम्प्लांटचं एक कार्ड देतं. ते आमच्या फायलीत बिलांच्या मागे पडलेलं होतं. ते आणि पत्र दोन्ही प्लास्टिकच्या पाकिटात घालून बाबांच्या खिशात ठेवलं. पाचही दिवस गेटवर यंत्र वाजलं, पाचही दिवस ते कार्ड दाखवलं आणि अर्ध्या मिनिटात आत गेलो.

व्हीलचेअर भाड्याने घेतली. रोज १५० रुपये आणि २,००० डिपॉझिट. दुकानदाराने आधारची झेरॉक्स ठेवून घेतली. घेताना तिथंच घडी घालून, उघडून आणि ब्रेक लावून बघा. पहिली खुर्ची मी परत केली, तिचं एक चाक ओढत होतं. बाबा खुर्चीत बसायला तयार नव्हते. रात्री जेवताना त्यांनी स्पष्ट सांगितलं, "लोक काय म्हणतील, पेशंटला घेऊन आले." मी म्हटलं, गेटपासून जागेपर्यंतच बसा, मॅच आपल्या पायावर उभे राहून बघा. यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ठीक आहे."

पहिला दिवस, बुधवार, २६ फेब्रुवारी. आईने पहाटे उठून साबुदाण्याची उसळ केली. (पुण्यात तिला खिचडी म्हणतात. आमच्याकडे उसळच.) दोन डबे, दाण्याचे लाडू, ताक. कॅब बोलावली तर दोन गाड्यांनी अंतर पाहून रद्द केली, तिसरी आली. जाताना ५२० रुपये झाले. तिकीट काढायचं नव्हतं, प्रवेश मोकळा होता. नऊला पोचलो तेव्हा गर्दी अशी नव्हतीच, त्यामुळे खुर्ची ढकलणं सोपं गेलं. तुम्हीही लवकर जा. साडेनऊला पहिला चेंडू पडतो आणि त्याच्या आधीचा अर्धा तास सगळ्यांत निवांत असतो.

जागा निवडताना मात्र मी चुकले. पायऱ्या कमी म्हणून खालची रांग धरली आणि अकराच्या पुढे ऊन थेट अंगावर आलं. फेब्रुवारीचा शेवट असला तरी नागपूरचं ऊन तेव्हाच मार्चसारखं लागतं. टोपी, ओला पंचा आणि लिंबाचं सरबत यावर तो दिवस काढला. दुपारी बाबांना सावलीत बसवून मी एकटी फिरले, कोणत्या भागात छताची सावली कधी येते ते बघून ठेवलं. पुढचे चार दिवस आम्ही तिथंच बसलो. पाचसहा पायऱ्या चढाव्या लागायच्या, बाबा कठडा धरून चढायचे. चांगला पाय आधी.

आणि मॅच? समोर केरळ. त्यांनी टॉस जिंकून फील्डिंग घेतली आणि पहिल्याच ओव्हरमध्ये पार्थ रेखडे गेला. मग दर्शन नळकांडे, मग ध्रुव शौरी. विदर्भ २४ वर ३. माझ्या पोटात गोळा आला. इतकी यातायात करून बाबांना आणलं ते हे बघायला? बाबांकडे पाहिलं तर ते शांतपणे लाडू खात होते. "साठ वर्षं हेच पाहिलं. बस तू."

मग दानिश मालेवार आणि करुण नायर खेळायला लागले. मालेवार एकवीस वर्षांचा, नागपूरचा पोरगा. दोघांनी २१५ धावांची भागी केली. नायर ८६ वर रनआउट झाला, पण दिवस संपला तेव्हा विदर्भ ४ बाद २५४ आणि मालेवार १३८ वर नाबाद. चार तासांत बाबा अकरा वेळा उठले. मी मोबाइलवर पाऊण तासाचा गजर लावला होता, तो दोनदाच कामी आला. बाकी वेळी चौकारांनीच त्यांना उठवलं.

रात्री गुडघा सुजला. बर्फाची पिशवी, पाय उशीवर. आईचा चेहरा बघवत नव्हता. मी डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांचा निरोप आला की एवढी सूज चालते, सकाळी उतरली तर जा. मी रात्री दोनदा उठून बघून आले. सकाळी उतरली होती.

दुसऱ्या दिवसापासून कॅब सोडली. रहाटे कॉलनीच्या स्टेशनवरून मेट्रोने खापरी आणि तिथून ऑटो. मेट्रोत लिफ्ट आहे, फलाट आणि डबा एका पातळीवर आहेत, खुर्ची सरळ आत जाते. कॅबमध्ये चढताना गुडघा जेवढा वाकवावा लागत होता, तेवढाही इथं लागला नाही. खापरीहून ऑटोवाले १५० घेत. पहिल्यांदा ज्यांनी सोडलं त्यांचाच नंबर घेतला, ते साडेचारला गेटबाहेर उभे राहू लागले आणि तिसऱ्या दिवसापासून शेवटचा तास आत येऊन आमच्यासोबत बघू लागले.

गुरुवारी उपास सुटला होता, त्यामुळे निघण्याआधी तर्री पोहे. बाबांना तर्री मनाई, म्हणून त्यांच्या पोह्यांवर मी चमचाभरच घातली. त्यांनी माझी वाटी स्वतःकडे ओढली. मी काही बोलले नाही.

त्या दुपारी जे झालं, त्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले. विदर्भ ३७९ वर सर्वबाद. नळकांडेने केरळच्या दोन विकेट पटापट काढल्या. आणि केरळकडून आदित्य सरवटे खेळायला आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सरवटे नागपूरचा. विदर्भ दोन्ही वेळा करंडक जिंकला तेव्हा तो संघात होता. २०१९ च्या फायनलमध्ये, याच मैदानावर, त्याने सौराष्ट्राच्या अकरा विकेट घेतल्या आणि पुजाराला दोन्ही डावांत बाद केलं. बाबांनी ते इथंच बसून पाहिलं होतं. त्या मोसमात तो केरळकडून खेळत होता. आणि आमच्या बाजूने खेळणारा करुण नायर मुळात मल्याळी घरातला, कर्नाटकातून आलेला.

सरवटे खेळत राहिला. दिवसअखेर केरळ ३ बाद १३१, तो ६६ वर नाबाद. आमच्या मागच्या रांगेतलं एक पोट्टं त्याच्या नावाने ओरडत होतं, आता दुसऱ्याचा झाला, वगैरे. बाबा वळले. त्यांनी आवाज चढवला नाही. "दुसऱ्याचा काहून? कामासाठी गेला. माझी पोरगी पुण्यात आहे, मग ती पुण्याची झाली का?" तो मुलगा ओशाळला, "नाही काका" म्हणाला. मी मैदानाकडे बघत राहिले. पंधरा वर्षांपूर्वी मी पुण्याला निघाले, तेव्हा बाबा स्टेशनवर काही बोलले नव्हते. मला वाटत आलं होतं की त्यांना ते आवडलं नाही. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. परतताना मेट्रोतही बोललो नाही. पण मी त्यांचा हात धरून बसले होते आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

शुक्रवारी सरवटे ७९ वर हर्ष दुबेच्या चेंडूवर बाद झाला. बाबांनी विकेटसाठी टाळ्या वाजवल्या आणि तो परत जात असताना त्याच्यासाठी पुन्हा वाजवल्या. मग केरळचा कर्णधार सचिन बेबी असा खेळला की आघाडी हातची जाते असं वाटलं. त्यांची ही पहिलीच फायनल. सेमीफायनलला गुजरातवर फक्त दोन धावांची आघाडी घेऊन ते इथवर आले होते, त्यामुळे एकेका धावेची किंमत त्यांच्याइतकी कुणाला कळणार? नागपुरातली मल्याळी मंडळी आमच्या डाव्या हाताला बसली होती आणि प्रत्येक धावेला ओरडत होती. ९८ वर बेबीने रेखडेला उचलून मारलं आणि नायरने झेल घेतला. आमच्या बाजूला जल्लोष, त्यांच्या बाजूला अगदी शांतता. त्यांच्यातल्या एका काकूंनी डोळ्याला पदर लावला. केरळ ३४२. आम्हाला ३७ ची आघाडी. त्याच दिवशी दुबेने एका रणजी मोसमातल्या सर्वाधिक बळींचा विक्रम केला, ६९. आईने दिलेली संत्री मी त्या काकूंकडे नेऊन दिली. मृग बहराची होती, गोड. त्यांनी आम्हाला केळ्याचे वेफर्स दिले.

रणजीचा नियम नव्या लोकांना सांगावा लागतो. फायनल अनिर्णित राहिली तर पहिल्या डावात आघाडी घेणारा जिंकतो. म्हणजे आता आम्हाला फक्त खेळत राहायचं होतं.

शनिवारी पुन्हा २ बाद ७. पुन्हा मालेवार आणि नायर. नायर ३१ वर असताना स्लिपमध्ये त्याचा झेल सुटला, बाबांनी काठी घट्ट धरली ती चहापानापर्यंत सोडली नाही. मालेवार ७३, नायर दिवसअखेर १३२ नाबाद.

त्या संध्याकाळी महाल भागात बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्यांकडे गाण्याची बैठक होती. मी म्हटलं आज नको, थकाल. पण बाबांनी ऐकलं नाही. खुर्ची ढकलत गेलो, पाय ठेवायला त्यांनी समोर स्टूल दिलं. गाणारा मुलगा पंचविशीतला, वसंतराव देशपांड्यांच्या वळणाने नाट्यपदं गात होता. ती झपकन उठणारी तान, शब्द मध्येच सोडून पुन्हा भलतीकडून पकडणं. मध्यंतरात चहा घेताना बाबा म्हणाले, "वसंतराव मूर्तिजापूरचे. शिकले इथं, सप्रे गुरुजींकडे. नोकरी डिफेन्स अकाउंट्समध्ये. राहिले पुण्यात. आणि हॉल कुठं आहे त्यांच्या नावाचा? सिव्हिल लाइन्सला." एवढं बोलून त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माणूस कुठंही जाऊ दे."

रविवार, २ मार्च. शेवटचा दिवस. आई पण आली. तिला क्रिकेट कळत नाही, ती विणकाम घेऊन बसली. नायर १३५ वर पुढे सरसावला आणि यष्टिचीत झाला. गोलंदाज कोण? सरवटे. मल्याळी घरातला फलंदाज विदर्भाकडून आणि नागपूरचा गोलंदाज केरळकडून. बाबा हसले, मोकळं, खूप दिवसांनी. "पाहिलंस?" एवढंच म्हणाले.

नळकांडेचं अर्धशतक झालं, ९ बाद ३७५ वर हस्तांदोलन झालं, सामना अनिर्णित. विदर्भ तिसऱ्यांदा रणजी विजेता. आजूबाजूचे सगळे नाचत होते. बाबा कठडा धरून उभे होते, काठी खुर्चीवर पडलेली. मी गजर पाहिला तर पन्नास मिनिटं झाली होती, उभ्याने. मी बसा म्हटलं नाही.

त्या रात्री गोळीबार चौकाच्या बाजूला सावजी. हे जेवण कोष्टी विणकरांच्या घरातलं, आणि तिखट किती ते नागपूरकरांना सांगायला नको. आईने बाबांना दोन घासांची परवानगी दिली, रस्सा नाही, फक्त मटण आणि ज्वारीची भाकरी. त्यांनी रस्सा घेतला. तिने पाहिलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

खर्चाचं एकत्र सांगते, कारण मला तोच आकडा कुठं मिळत नव्हता. डॉक्टर ६००, खुर्ची पाच दिवसांची ७५०, पहिल्या दिवशीची कॅब जाऊन-येऊन १,१००, पुढचे चार दिवस मेट्रो आणि ऑटो मिळून साधारण १,६००. पुण्याहून येणं-जाणं ३,०५०. जेवण घरचं, बाहेरचं फक्त पोहे आणि सावजी. कॅबने रोज गेलो असतो तर साधारण अठ्ठावीसशे जास्त गेले असते.

सोमवारी सकाळी खुर्ची परत करायला गेले. दुकानदाराने चाकं बघितली, डिपॉझिटचे २,००० मोजून दिले आणि पावती फाडताना विचारलं, पेशंट बरे आहेत ना. बाबा बाहेर ऑटोत बसले होते. तोवर तेही उतरून काठी टेकत दुकानाच्या पायरीपर्यंत आले. "पुढच्या मोसमाचं वेळापत्रक कधी लागते हो?" त्यांनी दुकानदाराला विचारलं, जणू त्याला माहीत असणारच. त्याला माहीत नव्हतं. पण २०१९ ला तोही जामठ्याला होता, सरवटेच्या अकराही विकेट त्याला पाठ होत्या. ऑटोचं मीटर चालू होतं. मी बाबांसाठी आतून एक स्टूल मागून घेतलं.